सत्काराच्या चादरीची निरगाठ

सोमवार, ८ जुलै २०२४. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. मी आठवीच्या वर्गात पाऊल ठेवले, तशी एकेचाळीस मुले उभी राहिली आणि गप्प झाली. अडचण ह्या गप्प होण्याचीच होती. मला त्यांना बोलते करायचे होते.

ह्या शाळेत मी छत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. माझ्या वर्गात माशी उडाली तर ऐकू येते, असे लोक म्हणत. मी ती स्तुती समजत असे. निवृत्तीला चौदा वर्षे झाली. मुले बदलली, पण शिक्षकाविषयीच्या दंतकथा शाळेत वारशाने चालतात. मला कधी न पाहिलेली मुलेही मला पाहून गप्प होत.

वर्गाच्या बाईंनी जूनमध्ये वाचनाचा तास सुरू केला होता. दर सोमवारी एका कुमार कादंबरीची दोन प्रकरणे वाचायची आणि त्यावर चर्चा करायची. परीक्षा नाही, गुण नाहीत. दोन तास झाले आणि बाईंना मतदार याद्यांचे काम आले. त्या माझ्या घरी आल्या. कपाटाची किल्ली आणि एक चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"गुरुजी, एवढे चार सोमवार सांभाळा. तास बंद पडू देऊ नका. मुलांना बोलू द्या. तुम्ही कमी बोला."

कमी बोलणे मला जमते. पत्नी आतून म्हणाली, "बाई, दगडाला गाणं शिकवायला सांगताय."

चिठ्ठीत सूचना होत्या. मुलांना गोलाकार बसवावे. कोणतेही उत्तर चूक म्हणू नये. प्रत्येक मुलाने 'माझ्या मते' असे म्हणून बोलायला सुरुवात करावी.

'चूक' हा शब्द मी आयुष्यात सर्वाधिक वापरला आहे. टाळायचा म्हणून तो ओठांवर आला की मी खाकरतो. मागच्या सोमवारी, माझ्या पहिल्या तासाला, मी सात वेळा खाकरलो. सातव्या वेळेपर्यंत मुलांना त्याचा अर्थ कळला होता. पुढे कोणी बोलले नाही.

त्यानंतर विद्यमान मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावले. ते माझे विद्यार्थी. सातवीत असताना बडबडीबद्दल मी त्यांना दोन दिवस बाकावर उभे केले होते. अजूनही मी समोर असलो की ते खुर्चीवर बसत नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले,

"गुरुजी, तुमच्यापुढे बोलू नये. पण शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीलाच आहे. सोमवारचा तो तास सरावाला मिळाला असता तर बरं झालं असतं."

"बाईंचे काय?"

"बाईंचा उत्साह आहे हो. पण मुलं बोलतच नाहीत म्हणे." त्यांनी माझ्याकडे न पाहता पुढे सांगितले, "येत्या सोमवारी विस्तार अधिकारी साहेब भेटीला येतायत. त्यांना हा तास दाखवू. मुलं बोलली, तर ठेवू. नाही बोलली, तर गणित."

मी बरे म्हणालो. तो तास मला हवा होता. सोमवारी इस्त्रीचा सदरा घालण्यासारखे दुसरे काही काम माझ्याकडे नव्हते. हे मी त्यांना सांगितले नाही.

आता त्या सोमवारचे. मी मुलांना गोलाकार बसवले. एकेचाळीस मुलांचा गोल त्या वर्गात मावत नाही. भेंडीसारखा काहीतरी आकार झाला. कपाट उघडून पुस्तके काढली. कपाटात खालच्या कप्प्यात सत्काराचे साहित्य होते: दोन नारळ आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत दोन नव्या चादरी. शाळेत कुलूप लागणारे कपाट ते एकच. आमच्याकडे सोलापुरात पाहुण्याला शाल देत नाहीत, चादर देतात. ह्या दोन खास होत्या. त्यांच्या काठात शाळेचे नाव आणि 'सस्नेह भेट' अशी अक्षरे मागावरच विणून घेतली होती. एक विस्तार अधिकाऱ्यांना, एक त्यांच्याबरोबर येणाऱ्या केंद्रप्रमुखांना.

कादंबरी डोंगराळ गावातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीची होती. ती मामाकडे राहते, धावण्यात पहिली येते आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचे म्हणून पहाटेच्या एसटीची वाट पाहते. मामाला ते पसंत नाही. तो रात्री तिला माडीवर कोंडून बाहेरून कडी घालतो. सातव्या प्रकरणाच्या शेवटी ती तीन चादरी एकमेकींना बांधते, खिडकीतून खाली उतरते आणि एसटी गाठते. आठव्या प्रकरणात सकाळी मामा ओरडतो. मामी खिडकीत लोंबणाऱ्या चादरी वर ओढते, गाठी सोडते, घड्या घालते आणि चहा टाकते.

दोन्ही प्रकरणे मुलांनी आळीपाळीने वाचली. नंतर मी फळ्यावर प्रश्न लिहिला: 'मुलीने मामाची आज्ञा मोडणे योग्य की अयोग्य?'

अकरा वाजून सव्वीस मिनिटे. मी खुर्चीवर बसलो आणि वाट पाहिली. पंखा फिरत होता. एक मुलगा हात वर करून उभा राहिला. मला आशा वाटली.

"गुरुजी, माझ्या मते मला लघवीला जायचंय."

"जा."

"माझ्या मते मला पण."

"एकेकाने."

पुन्हा शांतता. मी खाकरणार होतो, पण चिठ्ठी आठवली आणि गिळले. तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, वहीवर तेलुगूत काहीतरी गिरवलेले. तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणतात, हे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसले की तिला राग आलेला आहे.

"गुरुजी, हे खोटं आहे."

"काय?"

"चादरीला गाठ बसत नाही."

"माझ्या मते," मी आठवण करून दिली.

"माझ्या मते नाही गुरुजी, खरंच बसत नाही! एवढी जाड असती चादर. गाठ मारली की एवढा लाडू होतो." तिने दोन्ही हातांनी भोपळा दाखवला. "पाच बाय साडेसातची चादर. दोन्हीकडनं दोन-दोन फूट गाठीतच गेली. मग उरली किती? माडीवरनं ती मधीच लटकंल."

गोलाच्या दुसऱ्या टोकाकडून एक मुलगा उठला. सांगोल्याकडून आलेला, घरी मेंढरे, शेरडे. आता चुलत्याकडे राहून शिकतो. बाईंच्या यादीत त्याच्या नावापुढे 'बोलत नाही' असा शेरा होता.

"न्हाय गुरुजी. गाठ बसती की! आमी घोंगड्याला मारतो. घोंगडं चादरीपेक्षा लई जाड."

"घोंगडं आणि चादर एक आहे का रे?"

"तुला गाठ मारता येत न्हाय म्हनून बसत न्हाय म्हनती व्हय?"

"तू आमच्या कारखान्यात येऊन मारून दाखव!"

"कारखान्यात कशाला? हितंच मारतो की!"

आता तिसरा उठला. हा घरी दख्खनी बोलणारा. त्याचा आक्षेप वेगळाच होता.

"गुरुजी, चद्दर राहू द्या. खिडकीला गज नव्हते का? आमच्या खिडकीतून तर मांजर पण अडकते."

सगळा वर्ग खिडकीकडे वळला. आमच्या खिडकीला आठ गज होते. एकाने डोके घालून पाहिले. ते गेले, बाहेर निघताना कान आडवे आले. ते सोडवण्यात चार मिनिटे गेली. दरम्यान चर्चा चालू राहिली. मी ती थांबवली नाही, कारण थांबवण्याचा एकच मार्ग मला येतो आणि तो चिठ्ठीत बसत नव्हता.

एक मुलगी म्हणाली की पुस्तकातली चादर म्हणजे अंथरायची पातळ चादर असेल, पुण्यामुंबईकडे पलंगपोसालाच चादर म्हणतात. अंथरायच्या कापडाला कोणी चादर म्हणते, ही माहिती पुष्कळांना धक्का देणारी होती.

"मग ते लोक पांघरतात काय?"

"रजई."

"उन्हाळ्यात?"

तेलुगू घरातल्या मुलीने सांगितले की त्यांच्यात पांघरायच्या कापडाला दुप्पटी म्हणतात, आणि दुप्पटीलाही गाठ बसत नाही. सांगोल्याचा मुलगा पुन्हा म्हणाला, "बसती." ती म्हणाली, "बसत नाही." हे नऊ वेळा झाले. मी मोजले.

माझा स्वभाव पुराव्याचा आहे. छत्तीस वर्षांपैकी बारा वर्षे मी विज्ञानही शिकवले. मी उठलो आणि कपाट उघडले. चूक माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

"एकच गाठ," मी म्हणालो. "हलकी. पाहायची आणि सोडायची."

मुलीने पिशवीतून चादर काढताना काठ अशा रीतीने धरला की नंतर मला त्यात तिच्या वडिलांचा हात दिसला. "गुरुजी, नवीन आहे. जपून." मुलाने दोन्ही चादरींची टोके पीळ देऊन हातात घेतली, एकदा गुंडाळली, दोनदा गुंडाळली, गुडघा लावला आणि ओढली. गाठ बसली. भोपळ्याएवढी नाही, मोठ्या कवठाएवढी.

"बसली!" अर्धा वर्ग ओरडला.

"बसली, पण टिकणार नाही," मुलगी म्हणाली. "मुलीचं वजन आलं की सुटंल."

"किती वजन धरायचं?"

"चाळीस किलो."

चाळीस किलोचे वजन शाळेत नव्हते. मुलांनी स्वतःच तोडगा काढला. मी 'हलकी' हा शब्द पुन्हा उच्चारेपर्यंत आठ मुली एका बाजूला आणि आठ मुलगे दुसऱ्या बाजूला चादरी धरून व्हरांड्यात गेले होते. उरलेली पंचवीस मुले दोन्हीकडून "हैय्या" म्हणत होती. शेजारच्या नववीने इतिहास सोडला. गाठ सुटली नाही. मुली जिंकल्या, आणि सांगोल्याचा मुलगा पडला, पण पडल्या पडल्याच ओरडत होता, "टिकली! गुरुजी, टिकली!"

ह्या वेळी व्हरांड्याच्या टोकाला मुख्याध्यापक उभे होते. त्यांच्या मागे विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख. ते बाराला येणार होते. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी आले.

विस्तार अधिकारी रुंद आणि बुटके. केंद्रप्रमुख उंच आणि अगदी बारीक. दोघांनी चादरींकडे पाहिले. काठावरचे 'सस्नेह भेट' त्यांना वाचता आले असावे.

"हे काय चाललंय?" विस्तार अधिकाऱ्यांनी विचारले.

"चर्चा," मी म्हणालो.

मुख्याध्यापकांचा चेहरा मी वर्णन करत नाही. सातवीत बाकावर उभे असताना तो जसा होता, तसा होता. ते घाईघाईने म्हणाले, "साहेब, आधी सत्कार करून घेऊ. वर्गातच करू." मग माझ्या कानाशी येऊन, "गुरुजी, सोडा ती गाठ."

मी प्रयत्न केला. सांगोल्याच्या मुलाने केला. मुलीने दोन्ही अंगठ्यांनी केला. शिपायाने दातांनी करायचे ठरवले. त्याला मी रोखले. सोळा मुलांनी ओढलेली गाठ अक्रोडासारखी झाली होती. दारात साहेब घड्याळ पाहत होते.

मुख्याध्यापकांनी निर्णय घेतला, आणि माझ्या मते तो धाडसी होता. त्यांनी दोन्ही पाहुण्यांना शेजारी शेजारी उभे केले. एक चादर विस्तार अधिकाऱ्यांच्या खांद्यावर घातली, दुसरी केंद्रप्रमुखांच्या. मधोमध गाठ. दोघांच्या हातात नारळ दिले. आता उंची जुळेना. केंद्रप्रमुख थोडे वाकले, विस्तार अधिकारी थोडे ताठ झाले, आणि ते एकमेकांच्या इतके जवळ आले की मुलांना जे दिसायचे ते दिसले.

मागून कोणीतरी "सावधान" म्हणाले. तो सूर कवायतीचा नव्हता.

पुढच्या बाकावरून खडूचे बारीक तुकडे आले. अक्षता म्हणून.

मी खाकरलो. शांतता झाली. विस्तार अधिकाऱ्यांनी केसांतला खडू काढला, चादरीकडे पाहिले आणि गाठ हातात घेतली. आता ते काय बोलतील, ह्यावर तास अवलंबून होता. मुख्याध्यापक डोळे मिटून उभे होते.

"ही गाठ कुनी मारली?"

व्हरांड्यातली त्यांची पुस्तकी भाषा आता राहिली नव्हती.

सांगोल्याचा मुलगा उभा राहिला. "मी, सायेब."

"कुटला रं तू?"

"सांगोल्याकडचा."

"मेंढरं हायत घरी?"

"व्हय."

"मग तुला लाज न्हाय वाटत? ही निरगाठ हाय. निरगाठ मारून शेरडू बांदलंस तर सोडनार कसं? हितं सुरगाठ पायजे. एक टोक ओडलं की सुटली."

"साहेब, सुरगाठ मारली असती तर ती मुलगी पडली असती," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

"कुटली मुलगी?"

मग एकेचाळीस मुलांनी एकाच वेळी कादंबरी सांगितली. विस्तार अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवले. त्या हाताबरोबर केंद्रप्रमुखही ओढले गेले. शेवटी दोघे पुढच्या बाकावर बसले. एकट्याला बसता येत नव्हते.

"हे बघा," विस्तार अधिकारी म्हणाले, "गाठीनं उतरता येतं. आमी लहानपनी विहिरीत..."

"साहेब," मुलगी म्हणाली, "आधी 'माझ्या मते' म्हणा."

मुख्याध्यापकांनी भिंतीचा आधार घेतला.

"बरं. माझ्या मते," साहेब म्हणाले, "गाठीनं उतरता येतं. ती उतरली आसंल."

केंद्रप्रमुख तोवर बोलले नव्हते. ते म्हणाले, "माझ्या मतेही." त्यांना दुसरा पर्याय आहे असे दिसत नव्हते.

वाद मिटला, असे मला वाटले. मुलगी मात्र उभीच होती. ती साहेबांच्या खांद्यावरच्या गाठीकडे पाहत होती. मग तिने पुस्तक उघडले, आठव्या प्रकरणाचे पान काढले आणि एक ओळ दोनदा वाचली. पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्याने.

"'मामीने चादरी वर ओढल्या, गाठी सोडल्या, घड्या घातल्या आणि चहा टाकला.'"

"मग?" सांगोल्याचा मुलगा म्हणाला.

"आरे, मग मामीला गाठी सुटल्या कशा?"

कोणी बोलले नाही. पण ही शांतता माझ्या ओळखीची नव्हती.

"आपण नुसती ओढली तर तिघांना सुटंना," ती म्हणाली. "त्या गाठींवर तर आख्खी मुलगी लटकली. आणि मामी चहाच्या आधी सोडती? तीन चादरींच्या?" तिने पुस्तक मिटले. "माझ्या मते, पुस्तकात काही लिहू दे, तिथनं कोणी उतरलंच नाही. गाठी सैल होत्या."

"मंग ती गेली कुटनं?"

"दारातनं."

"दाराला भायेरनं कडी हुती की!"

"कडी कुणी काढली असंल, तूच सांग."

दख्खनी बोलणारा मुलगा म्हणाला, "मामी!" आणि त्याने कपाळाला हात लावला. "चादर मामीनेच बांधली. मामाला दाखवायला. म्हणून तर खिडकीला गज असो की नसो!"

वर्ग फुटला. कोणी म्हणाले की मामी पहिल्या प्रकरणापासून तशीच आहे, तिने मुलीला बूट लपवून दिले होते. कोणी म्हणाले, मग मामी खोटे बोलली. खोटे बोलणे योग्य का? एक जण म्हणाला, ती बोललीच नाही, नुसता चहा टाकला. विस्तार अधिकारी म्हणाले, "पन त्या लेखकाला म्हाईत आसंल का हे?" त्यावर मुलगी म्हणाली, "नसंल. लेखक सोलापूरचा नाही."

तासाची घंटा झाली. कोणी उठले नाही. फळ्यावर माझा प्रश्न तसाच होता, योग्य की अयोग्य. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. असे उत्तर मला छत्तीस वर्षांत मिळाले नव्हते. मी खाकरलो नाही. घशात काही नव्हते.

साडेबाराला पाहुणे निघाले. चादरी खांद्यावरून काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि नारळ तेवढे नेले. जाताना विस्तार अधिकाऱ्यांनी शेरेबुकात लिहिले. ते जिना उतरताच मुख्याध्यापकांनी शेरा मला वाचून दाखवला: 'आठवीच्या वाचन तासास भेट दिली. मुले बोलतात. गाठ पाहिली.'

"मुले बोलतात, असे लिहिले आहे," मी म्हणालो.

"आणि गाठ पाहिली, असंही लिहिलंय गुरुजी! उद्या हे वरती कुणी वाचलं तर?" ते उभेच होते, मीही बसलो नव्हतो. "साहेब नुसता नारळ घेऊन गेले. शाळेचं नाव विणलेल्या चादरी आहेत, दुकानात दुसऱ्या मिळायच्या नाहीत. उद्या दहाच्या आत ह्या दोन चादरी, वेगवेगळ्या, घडी घातलेल्या, त्यांच्या कार्यालयात पोचल्या पाहिजेत. पोचल्या, तर तास तुमचा. नाही पोचल्या..."

"गणित."

"तुमच्यापुढे बोलू नये," ते म्हणाले.

चादरी पिशवीत घालून मी निघालो. फाटकाशी ती मुलगी धावत आली. "गुरुजी, दाभण घालू नका हां. एक धागा ओढला गेला की सगळी नक्षी गेली. आणि पाणी तर अजिबात नको, आवळंल. लाकडानं ठोकायची, चारी बाजूंनी. पप्पा तसंच करतात." मागे सांगोल्याचा मुलगा उभा होता. म्हणाला, "लई घट बसलीया न्हवं, गुरुजी?" त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता.

घरी पोहोचायला दोन वाजले. पत्नीने पिशवीत डोकावले.

"अहो, शाळेत लग्न लावलंत का कुणाचं?"

मी हकीकत सांगितली. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "छत्तीस वर्षं पोरांची तोंडं बांधलीत. आता बसा सोडत."

अडीच वाजता दाभण घेऊन बसलो. मुलीचे म्हणणे आठवले आणि दाभण ठेवले. नखांनी एक तास प्रयत्न केला. पत्नीकडे लाटणे मागितले. ती म्हणाली, "लाटणं मिळायचं नाही. संध्याकाळी पोळ्या काय गाठीनं लाटू?" तिने माळ्यावरून धोपटणे काढून दिले. घरात कपडे धुण्याचे यंत्र आल्यापासून ते वर पडून होते.

साडेचारला बाईंचा फोन आला. त्या कोणाच्या तरी दारात याद्या घेऊन उभ्या होत्या. मागे कुत्रा भुंकत होता.

"गुरुजी, तास कसा झाला? मुलं बोलली?"

"बोलली."

"खरंच? कशाबद्दल?"

"गाठीबद्दल."

"अय्या, किती छान! नात्यांच्या गाठी?"

"नाही. चादरीच्या."

पलीकडे थोडा वेळ फक्त कुत्राच बोलला. मग बाईंनी विचारले, "तास राहील ना, गुरुजी?" मी म्हणालो की अजून ठोकतो आहे, आणि फोन ठेवला.

ओसरीवर गाठ फरशीवर ठेवून चारी बाजूंनी ठोकत राहिलो. शेजारचे गृहस्थ कुंपणाशी आले. "काका, आज काय कुटताय?" मी गाठ म्हणालो. त्यांनी अधिक विचारले नाही. पाच वाजता ती अक्रोडाची सुपारी झाली आहे असे वाटले. ती घट्ट झाली की मी थकलो, हे ठरवता आले नाही. पत्नी चहा घेऊन आली, बाजूला बसली आणि तिने गाठ दुसऱ्या अंगाने फिरवली. "हितनं ठोका." तिथून ठोकले. सहा वाजून पाच मिनिटांनी आतला एक पदर हलला. तो अंगठ्याने ढकलला. दुसरा सुटला. सव्वासहाला दोन चादरी दोन झाल्या.

मामीने हे काम चहा टाकण्याआधी केले होते. मला पावणेचार तास लागले, आणि चहा पत्नीने टाकला. मुलीचे म्हणणे बरोबर आहे. तिथून कोणी उतरलेले नाही.

मुख्याध्यापकांना फोन केला. "सुटली," मी म्हणालो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उभे राहिले असावेत.

"धागा?"

"शाबूत."

"मग सोमवारी नववं प्रकरण घ्या, गुरुजी." मग म्हणाले, "आणि ते मामीचं... मला पण वाटलं होतं तसं. पण तुमच्यापुढे..."

"बोलत जा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

चादरींच्या टोकांना चुण्या पडल्या होत्या, आणि 'सस्नेह भेट' मधला 'भेट' वाकडा दिसत होता. इस्त्रीने विणीचा उठाव दबतो, असे पत्नी म्हणाली. म्हणून पलंगावरची गादी उचलली, दोन्ही चादरी खाली सरळ पसरल्या, टोके हाताने ताणून घेतली, गादी पुन्हा टाकली आणि पानावर बोलावणे येईपर्यंत बरोबर 'भेट' वर बसून राहिलो.